टर्मिनल उघडा आणि लिहा

लिनक्सच्या जगात दुखणं कोणतंही असो, औषध एकच: टर्मिनल उघडा आणि पुढची ओळ लिहा. आवाज गेला? लिहा. प्रिंटर रुसला? लिहा. कीबोर्ड चालत नाही? टर्मिनल उघडा आणि लिहा!

माझ्या लॅपटॉपचं अपग्रेड रात्रभर चाललं. सकाळी लॉगिनचा नवाकोरा पडदा आला. घड्याळ अचूक, माझं नाव ठळक, खाली पासवर्डची रिकामी चौकट. ती रिकामीच राहिली. कीबोर्ड गप्प, टचपॅड गप्प, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागेना.

"अरे, ओल्या फडक्याने पुसून बघ," आई म्हणाली. शेजारचे काका स्वतःचा माउस घेऊन धावले. तो जोडताच त्याच्या पोटातला तांबडा दिवा लागला. "बघ, चालला!" काका म्हणाले. बाण पडद्याच्या मधोमध ढिम्म. दिवा लागणं वेगळं आणि काम होणं वेगळं, हे सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला समजावायची वेळ यावी!

खरं तर भानगड काकांच्याच खात्यातली होती. कळ दाबली की ती आधी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आवक टेबलावर नोंदली जाते. तिथून इनपुट ड्रायव्हर ती उचलून एक्स सर्व्हरकडे, म्हणजे पडदा सांभाळणाऱ्या साहेबांकडे नेतो. हे साहेब १९८७ सालच्या एक्स ११च्या घराण्यातले, त्यामुळे कागद स्वतः आणायला उठायचे नाहीत. अपग्रेडने जुन्या ड्रायव्हरला कार्यमुक्त केलं आणि नवा रुजूच झाला नाही. माझी प्रत्येक कळ आवक टेबलावर रीतसर पडून होती.

कर्नलला ऐकू येतं याचा पुरावाही मिळाला. ऑल्ट आणि सिसआरक्यू दाबून ठेवून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरं सावकाश दाबली की अडकलेलं यंत्र सभ्यपणे पुन्हा सुरू होतं. ती लक्षात राहावीत म्हणून जाणकारांनी एक वाक्य रचलंय: 'रेझिंग एलिफंट्स इज सो अटरली बोअरिंग'. माझ्या यंत्रावर मात्र परवानगीचा आकडा होता १७६, म्हणजे फक्त शेवटची तीन अक्षरं चालणार. हत्ती पाळायला बंदी, कंटाळा तेवढा मंजूर. तेवढ्याने काम झालं.

यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीत कीबोर्ड तुरुतुरु चालला, कारण तिथे अजून फर्मवेअरचं राज्य असतं. 'ई' दाबलं, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी तीनचा आकडा लिहिला, कंट्रोल-एक्स. आता साहेबांच्या केबिनमध्ये न जाता थेट काळ्या पडद्यावर, नुसत्या अक्षरांच्या लॉगिनपाशी. पासवर्ड उमटत नव्हता, पण तो इथे कधीच उमटत नाही. (हे काकांना सांगितलं नाही.)

मग साहेबांची, म्हणजे एक्सऑर्गची, नोंदवही उघडली. कीबोर्डच्या नावापुढे लिहिलं होतं की ड्रायव्हर नेमलेला नाही, सबब या उपकरणाकडे दुर्लक्ष करत आहोत. माउसपुढे तेच, टचपॅडपुढे तेच. ओळीच्या सुरुवातीला खूण होती दोन 'आय'ची, म्हणजे 'माहितीसाठी'. चूक नाही, इशारासुद्धा नाही. माणूस सकाळपासून पडद्यासमोर हात जोडून बसलाय, ही केवळ माहिती!

उपाय अर्थातच एका ओळीचा: सुडो ॲप्ट इन्स्टॉल, आणि पुढे एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-इनपुट-ऑल. वायफाय सुदैवाने जिवंत होतं. यंत्र पुन्हा सुरू केलं आणि बाण सरकला. काकांनी आपला माउस काढून घेतला, त्यानेच वाट मोकळी केली अशा थाटात.

बायकोने टचपॅडवर बोट टेकवलं. क्लिक होईना. जुना ड्रायव्हर नुसत्या स्पर्शाने क्लिक करायचा; नवा लिबइनपुट, आणि त्यात ही सोय मुळात बंद असते. त्याच्या माहितीपुस्तकात कारणही दिलंय: ज्यांना ही सोय ठाऊक नसते त्यांच्याकडून भलतीकडेच क्लिक होतात, आणि ज्यांना ती हवी असते त्यांना ती कुठे सुरू करायची हे बहुधा माहीत असतं.

"तुला माहीत आहे ना?" बायकोने विचारलं.

मी टर्मिनल उघडलं.