34 ए वरच्या प्रवाशाच्या वतीने

बोर्डिंग गेटवरचे साहेब,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची रीत आहे. त्यातला नमस्कार घ्या. सप्रेम मला लिहिता येत नाही.

मुंबईहून वाटेत एक विमान बदलून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेली, कडेवर अकरा महिन्यांचा मुलगा आणि हातात त्याची कार सीट असलेली बाई तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही मला चांगले आठवता. सीटकडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "हे सामान खाली जाईल. बाळाला मांडीवर घ्या, सगळे मांडीवरच घेतात."

ते सामान नव्हतं, साहेब. तो त्याचा पट्टा होता. त्याच्यासाठी मी वेगळं तिकीट काढलं होतं, खिडकीची जागा मुद्दाम मागून घेतली होती, सीटची रुंदी टेपने मोजली होती. कार सीट विमानात चालेल असा तुमच्याच कंपनीचा लेखी होकार माझ्या फोनवर होता. आणि सीटच्या बाजूला लाल अक्षरांत छापलेलं होतं की ही मोटारीत आणि विमानात वापरायला प्रमाणित आहे. मी ते लेबल तुमच्यासमोर धरलं. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत.

माझ्या मुलाचं वजन 9 किलो. विमान हवेत अचानक खाली आपटतं तेव्हा तिप्पट जोर आला, तरी हातांना 27 किलोंचा हिसका बसतो, तोही आपण बेसावध असताना. कुठल्या आईचे हात तेवढे पुरतात? माया कितीही असली तरी मनगटाची ताकद तेवढीच राहते.

19 जुलै 1989 रोजी अमेरिकेतल्या सू सिटीला एक डीसी-10 विमान कोसळलं. त्यात 296 माणसं होती. चार लहान मुलांना स्वतःची जागा नव्हती. विमान आदळण्याआधी मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा, असं आयांना सांगण्यात आलं, कारण तेव्हाची पद्धतच तशी होती. त्या चारांपैकी एक मूल वाचलं नाही. ती सूचना देणाऱ्या मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन स्वतः बचावल्या आणि पुढे कित्येक वर्षं एकच मागणी करत राहिल्या: प्रत्येक मुलाला विमानात त्याची जागा आणि त्याचा पट्टा हवा. नियमाप्रमाणेच वागलेली ती बाई नियम बदलण्यासाठी झटली. तुमच्यापाशी तर नियमही नव्हता, नुसती सवय होती.

दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर घ्यायची मुभा आजही आहे. सक्ती केली तर तिकीट न परवडणारी कुटुंबं मोटारीने जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं दगावतील, असा हिशेब अमेरिकेच्या विमान खात्याने मांडला होता. तो मला समजतो. पण तेच खातं आईबापांना कळकळीने सांगतं की मांडी ही सुरक्षित जागा नव्हे, मुलाला त्याच्या सीटमध्ये बसवा. सक्ती नाही म्हणजे मनाई आहे, हे तुम्ही कुठून काढलंत?

विमान सुटल्यावर पाचएक तासांनी पट्ट्याचा दिवा लागला. अर्धा तास विमान थडथडत होतं. मी मुलाला दुपट्यात गुंडाळून छातीशी इतकं आवळलं की तो घुसमटून रडायला लागला, आणि सैल करायची माझी हिंमत होईना. शेजारची 34 ए रिकामी होती. तिचे पैसे आम्ही भरले होते. सेविकेने तिचा पट्टा नीट लावून ठेवला होता. रिकाम्या जागेला पट्टा होता, साहेब, आणि माझ्या मुलाला नव्हता.

पोचल्यावर सीट सामानाच्या पट्ट्यावरून आली ती उताणी. मोटारीचा पट्टा जिथून ओवायचा, तिथेच कवचाला बोटभर तडा गेला होता. वरून फडक्याने पुसली की नव्यासारखी दिसली असती, पण तडा गेलेली सीट अपघातात काय करेल याचा भरवसा कोणी देत नाही. ती टाकून द्यायची असते. कॅलिफोर्नियात दोन वर्षांखालच्या मुलाला मागे तोंड करून सीटमध्ये बसवल्याशिवाय मोटार हलवता येत नाही. नवऱ्याची नोकरी नवी, गाव नवं. तो आम्हाला तिथेच बसवून नवी सीट आणायला गेला. अडीच तास. मुलाचे कपडे ओले, डब्यातली नाचणीची खीर संपलेली, आणि मी त्याला मांडीवर घेऊन बसलेली. सगळे घेतात तशी.

तडा गेल्याची लेखी तक्रार मी तिसऱ्या दिवशी केली. 1999 च्या माँट्रिअल करारानुसार ती सात दिवसांत करावी लागते. भारत त्या करारात 2009 पासून आहे. ज्या आयांना हे ठाऊक नसतं, त्या आठव्या दिवशी हक्क गमावून बसतात. माझ्या तक्रारीवर पुढच्या प्रवासात सवलत देणारं कूपन आलं. मी ते परत पाठवलं. मला सीटची किंमत हवी आहे, 34 ए चं भाडं हवं आहे, आणि गेटवरच्या प्रत्येकाला ते लाल लेबल वाचायला शिकवल्याचं लेखी उत्तर हवं आहे.

डिसेंबरात आजी-आजोबांना भेटायला आम्ही येतो आहोत. तेव्हाही तो दोन वर्षांचा झालेला नसेल. परतताना त्याच गेटवर येऊ. नव्या सीटचं लेबल डाव्या बाजूला आहे, वाचायला अर्धं मिनिट लागतं. मागे रांग असली तरी मी थांबेन.

— 34 ए वरच्या प्रवाशाची आई