648 सीसीचं दुखणं

श्टुटगार्ट, रविवार

ती. आई-बाबांस,

कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत सूनबाई हे लिहून घेते आहे. आईंच्या कालच्या फोनवरून कळलं की साताऱ्यात बातमी पोचली : ओंकारने गाडीचं इंजिन फाडलं. तसं काही नाही. इंजिन खाली पार्किंगमध्ये जागच्या जागी आहे. नातवाने उघडलाय तो फक्त लॅपटॉप.

पार्सल मिळालं. मेतकुटाच्या डब्याला गुंडाळलेला पेपर आधी वाचून झाला, छोट्या जाहिरातींसकट. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं ते बरंच झालं. पण डॉक्टरांना बुलेटच्या किकची हकीकत सांगितली की नाही?

तर गाडीचं. चेन्नईहून आलेली रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर. दोन सिलिंडर, 648 सीसी, 47 हॉर्सपॉवर. बाबांची बुलेट 18 हॉर्सपॉवरची होती आणि तिच्यावर आई, पोरं, वर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची पेटी असं सगळं केळघर घाटातून सुखरूप घरी यायचं. नातवाला मात्र ब्लॅक फॉरेस्टच्या चढावर दम कमी पडतो. म्हणून 865 सीसीचा किट हवा. म्हणजे 78 मिलिमीटरचे पिस्टन काढून नव्वदीच्या घरातले घालायचे, सिलिंडर बदलायचे, पेट्रोलचं प्रमाण जमावं म्हणून ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, मॅपिंग नव्यानं करायचं. वाढलेला जोर क्लचला झेपला नाही, तर तो आणखी वेगळा खर्च.

वर्कशॉपवाल्याने अंदाज सांगितला तीन हजार युरो! आईंनी शंभरानं गुणू नये. गुणलंच असेल तर थोडी भर घाला, साताऱ्यात नवीकोरी इंटरसेप्टर दारात उभी राहील. पोवई नाक्यावरचा मिस्त्री निदान चहा पाजून पैसे सांगतो. इथला ताशी मजुरी लावतो आणि बोल्ट शोधायला गेला तरी मीटर चालूच.

आणि पैसे मोजूनही सुटका नाही. इथे इंजिनात असा बदल केला की गाडीची रस्त्यावर यायची मान्यताच जाते. मग मान्यताप्राप्त तपासनीस गाडी तपासणार, कागदपत्रांत नोंद होणार, तेव्हा ती पुन्हा रस्त्यावर. नोंद नसताना अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं कारण. टॅक्सही सीसीवर : दर 25 सीसीला 1.84 युरो. आता वर्षाला 47 युरो जातात, मग 64 जातील. ते एक वेळ भरू. पण ओंकारचं लायसन्स ए-टू वर्गाचं, त्याची मर्यादा 35 किलोवॅट, म्हणजे आत्ताचे 47 हॉर्सपॉवर. गाडी बरोबर त्या काठावर बसवलेली आहे. किट बसला की नातू आपलीच गाडी चालवायला अपात्र! दोन वर्षं भरल्यावर प्रॅक्टिकल परीक्षा देऊन वरचा वर्ग मिळतो, आणि ती दोन वर्षं पुढच्या जूनमध्ये भरतात.

तुमचे चिरंजीव या विषयावर मौन पाळून आहेत. मुलाच्या लॅपटॉपमध्ये डोकावताना मात्र दोनदा सापडले.

खरं तर दुखणं इंजिनात नाहीच. गावाबाहेरच्या रस्त्याला मर्यादा शंभरची, आणि ही गाडी दीडशेच्याही पुढे जाते. वळणावर मागचं चाक उसळतं, म्हणून ओंकारला ॲक्सिलरेटर पिळायला भीती वाटते. चांगले मागचे शॉक-ॲब्सॉर्बर आणि नवे टायर किटच्या निम्म्याहून कमी पैशांत होतील. नोंदणीचे नियम त्यांनाही आहेत, पण लायसन्स शाबूत राहतं.

एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी खाली गाडी येऊन थांबते, तेव्हा सूनबाईला अजून वाटतं की आता पेट्रोलचा कॉक बंद करून बाबा "आलो गं" म्हणणार. आवाज बुलेटचा नाही, तरीही. मग उगाचच दोन कप चहा जास्त टाकला जातो.

नंदाताईंच्या सोसायटीच्या निवडणुकीचं काय झालं? सेक्रेटरी पुन्हा तेच का? सविस्तर कळवा.

शिट्ट्या झाल्या. ओंकार रात्री बाबांना फोन करणार आहे. त्याला आधी शॉक-ॲब्सॉर्बर, मग परीक्षा, असंच सांगा. तुमचं तो ऐकतो.

तुमची सूनबाई

ता. क. ओंकारच्या वाढदिवसाचे पैसे कृपया सूनबाईच्या खात्यावर पाठवावेत.