तुमच्याकडे किती येतो?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पाहुणा शिरला की त्याला दोन प्रश्न चुकत नाहीत. गाडी कुठे लावली, हा वॉचमनचा. दुसरा जिन्यात गाठून मेगाबिट काका विचारतात, "तुमच्याकडे किती येतो?" पाहुणा बावरतो. पाऊस? पगार? काका फार ताटकळत ठेवत नाहीत. "नेट हो, नेट. आधी डाउनलोड सांगा, मग अपलोड." पाहुण्याने अंदाजपंचे "दोनशे असेल" म्हणून सुटका करून घ्यावी, तर काका डोळे मिटून तो आकडा आत मुरू देतात. मग सुस्कारा. "वारज्याला दोनशे. आणि आम्ही कोथरूडला राहून बारा!"

नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलंय. काकांना ते ठाऊक आहे आणि त्याचं वाईट वाटत नाही. फक्त एकदा एक पोरगं "मेगाबाइट काका" म्हणून पळालं, तर त्याला लिफ्टपाशी अडवून बिट आणि बाइट यांतला आठपटीचा फरक समजावला होता. "मोजणी बिटात करायची, फाइल बाइटात. बारा येतो म्हणजे सेकंदाला दीड मेगाबाइट. आता सांग, तुझा दीड जीबीचा सिनेमा उतरायला किती वेळ?" पोरगं गणितातून सुटायला खाली उतरलं होतं. ते पुन्हा काही दिवस दिसलं नाही.

प्लॅन पन्नासचा आहे. पहाटे चारला पुरेपूर पन्नास मिळतात, हे काकांनी उठून तपासलंय. लॅपटॉप स्टुलावर, मोडेमला लॅनची वायर थेट जोडलेली. वायफायवरचा आकडा काका पुराव्यात धरत नाहीत. मध्ये भिंत येते, शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनलवर बसलेला असतो, आणि काकूंनी मायक्रोवेव्ह लावला तर २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कामातून जातो. (काकूंना हे इतक्या वेळा ऐकवलंय की त्या आता दूध गॅसवरच तापवतात.) रात्री नऊला मात्र बारा. गल्लीतली सगळी कनेक्शनं एकाच जोडावरून निघतात आणि नऊ वाजता सगळेच काहीतरी बघायला बसतात. वाड्यातल्या एका नळाला चार बिऱ्हाडांनी एकदम हंडे लावावेत, तसं. कारण कळलं की राग निवळतो म्हणतात. काकांचा राग कारणांवरच पोसलेला आहे. प्रकाश फायबरमधून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे पुणे-मुंबई आणि परत दीड-दोन मिलिसेकंदांत व्हायला हवं, मग आपला पिंग बावीस का, हा हिशेब त्यांनी मला दळण घेऊन जाताना थांबवून सांगितला आहे.

तक्रार केली की कंपनीचा पोरगा येतो. मोडेम बंद करतो, चालू करतो, फोनवर कुणाशी तरी बोलतो आणि म्हणतो, "काका, तिकडून ओके दाखवतंय." काका त्याला चहा देतात आणि मोजण्यांची वही पुढे ठेवतात. तारीख, वेळ, डाउनलोड, अपलोड, पिंग, हवामान. पोरगा वही आदराने चाळतो, बिस्किट खातो, जातो. तो जिना उतरेपर्यंत तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज काकांच्या मोबाइलवर आलेला असतो. त्या कंपनीकडून तेवढी एकच गोष्ट वेगाने पोचते.

ही व्यथा आजची नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हापासून काका मागे आहेत. फोनच्या तारेतून मोडेम किंचाळायचा, तेव्हा त्यांचा ९.६ किलोबिट होता आणि ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा १४.४. त्या सहकाऱ्याला त्यांनी मुलाच्या मुंजीला बोलावलं नव्हतं. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सरकारने २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटलं. काकांकडे नेमके २५६ होते. म्हणजे कायद्याने ते ब्रॉडबँडधारक झाले, आणि त्याच सुमारास कोरियात सामान्य घरांतून कित्येक मेगाबिट वाहताहेत हे त्यांनी पेपरात वाचलं. व्याख्या २०१३ मध्ये ५१२ किलोबिटवर गेली, २०२३ मध्ये दोन मेगाबिटवर. दर खेपेला काका नियमात बसले आणि शेजाऱ्याच्या बरेच खाली राहिले.

माणूस कुठेही गेला तरी आधी देवदर्शन घेतो किंवा चहा. काका स्पीड घेतात. दवाखान्यात मेहुण्याला भेटून आले तेव्हा काकूंनी विचारलं, "कसे आहेत?" काका म्हणाले, "जनरल वॉर्डात चाळीस. आयसीयूच्या बाहेर मात्र साठ." लग्नात जेवणाच्या रांगेत ते उभे नसतात, हॉलच्या मॅनेजरकडून पासवर्ड मिळवत असतात. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलला रेल्वेचं फुकट वायफाय सुरू झालं, मग काही महिन्यांतच पुणे स्टेशनला आलं. ते काकांच्या आयुष्यातलं सोनेरी पर्व. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून ते बाकावर बसत आणि घरी न उतरणाऱ्या फाइली उतरवून घेत. गाड्या येत-जात. ओळखीचं कुणी भेटून "कुठे निघालात?" म्हणालं तर खरं सांगत, "कुठेच नाही." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी तृप्ती असे ती मी नंतर फक्त गुहागरला पाहिली, आणि तिथेही ती अर्धवटच होती. सासुरवाडीच्या गावात फायबर पोचलंय. सुपारीच्या बागेत, पंपाच्या खोपटापाशी उभं राहून त्यांना साठ मिळाले. आनंद झाला, पण बायकोच्या माहेरी आपल्यापेक्षा पाचपट येतो, हे काकूंना कळू न देण्यात बाकीची सुट्टी गेली.

आता कुणी म्हणेल, एवढ्या वेगाचं ते करतात काय? मी हे विचारलं आहे. सकाळी फुलांचे फोटो पाठवणं, दुपारी बँकेची शिल्लक बघणं, रात्री एखादं जुनं नाटक. एचडी चित्राला पाचेक मेगाबिट पुरतात, हे मला काकांनीच सांगितलं होतं. "मग बारा आहेत की," मी म्हणालो. काकांनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं. "प्रश्न गरजेचा नाही," ते म्हणाले. "अमेरिकेत चॅटानूगात २०१० मध्ये वीज कंपनीने घरोघर एक गिगाबिट दिला. वीज कंपनीने! तिथल्या लोकांना काय गरज होती?"

काकांच्या मनातल्या वेगवान जगाच्या नकाशात एकदाच गडबड झाली. भाचा जर्मनीला गेला. काकांनी त्याला निरोप देताना स्पीडटेस्ट पाठवायला सांगितलं होतं; पोरगं आज्ञाधारक, त्याने आधी ती पाठवली, मग पोचल्याचं कळवलं. सोळा! काकांना वाटलं एक शून्य राहिलं. फोन केला तर भाचा म्हणाला, "मामा, गाव लहान आहे, जुनी तांब्याची लाइन आहे, एक्स्चेंज लांब आहे. फायबरसाठी नाव घातलंय, बघू." पुढचे दोन दिवस काका गप्प. तिसऱ्या दिवशी अभ्यास करून खाली आले. १९८१ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या सरकारने देशभर फायबर टाकायची योजना आखली होती, पण पुढच्याच वर्षी हेल्मुट कोल आले आणि पैसा टीव्हीसाठी तांब्याच्या केबलींकडे वळला. "एका हेल्मुटने केलं ते दुसऱ्याने घालवलं," काका म्हणाले, आणि जर्मनी आपल्या लाडक्या देशांच्या यादीतून खोडली. बर्लिनच्या भिंतीबद्दलही त्यांना इतका संताप नव्हता.

जर्मनीची जागा रुमानियाने घेतली. रुमानियावर काकांचा फार जीव. तिथे मोठ्या कंपन्यांची वाट न बघता गल्लीतल्या पोरांनी या इमारतीच्या गच्चीवरून त्या इमारतीच्या गच्चीवर केबली ओढून आपापली नेटवर्कं उभी केली, पुढे कंपन्यांनी ती विकत घेतली, आणि तो देश वेगाच्या बाबतीत भल्याभल्यांच्या पुढे गेला. हे सांगताना काकांचा आवाज भरून येतो. "परवानगी नाही, फाइल नाही, साहेब नाही. पोरं, शिडी आणि केबल! आमच्याकडे आहे का कुणात ती धमक?"

धमक गेल्या महिन्यात आली. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, हातात फॉर्म. नवी कंपनी, घरोघर फायबर, तीनशेचा प्लॅन, कनेक्शन फुकट. फक्त सोसायटीची एनओसी हवी. कमिटीत इमारत देखभालीचं खातं काकांकडे आहे, आणि ते राहतात सर्वांत वरच्या मजल्यावर.

पोरगा उत्साहाने सांगत होता. समोरच्या बिल्डिंगच्या टेरेसवरून केबल आपल्या टेरेसवर येईल, डक्टमधून खाली जाईल, मजल्यामजल्यावर एक छोटी डबी, आणि घरात यायला भिंतीला एवढंसं भोक.

"कुठे?" काका म्हणाले.

"भिंतीला, सर."

"त्याआधी काय म्हणालात?"

"टेरेसवर, सर. पाइपला बांधू, नाहीतर दोन अँकर मारू."

वॉटरप्रूफिंग दीड वर्षापूर्वी झालं होतं. काकांनी स्वतः छत्री घेऊन वर उभं राहून ते तपासलं होतं. त्यांनी शांतपणे अटी सांगायला सुरुवात केली. केबल जमिनीखालून आणावी. त्यासाठी महापालिकेची खोदाईची परवानगी कंपनीने काढावी. दर्शनी भागावर तार दिसता कामा नये, रंग नवा आहे. अनामत रक्कम. गळती झाल्यास भरपाईचं हमीपत्र, स्टँपपेपरवर. मार्गाचा नकाशा, तीन प्रतींत. पोरगा लिहून घेत होता, मग लिहायचा थांबला.

तो गेल्यावर मी रुमानियाचा विषय काढून पाहिला.

"तिकडच्या गच्च्या वेगळ्या," काका म्हणाले. "आणि तिकडे पाऊस तरी पडतो का एवढा?"

शेजारच्या सोसायटीने त्याच आठवड्यात एनओसी दिली. आमच्या सभेचं इतिवृत्त ई-मेलने आलं. रात्री पाठवलेलं, पोचलं सकाळी. विषय क्रमांक ४: फायबर कंपनीचा प्रस्ताव, कागदपत्रांअभावी पुढील सभेपर्यंत स्थगित. विषय क्रमांक ५: इमारतीतील इंटरनेटच्या संथ वेगाबद्दल आणि शेजारील सोसायटीच्या तुलनेत होणाऱ्या अन्यायाबद्दल तीव्र निषेधाचा ठराव, सर्वानुमते मंजूर. दोन्ही विषयांचे सूचक, मेगाबिट काका.