पूलवाला फ्लॅट भाड्याने घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

नियम पहिला. अर्जदाराला पोहता येत नसावे. पोहता येणारी माणसे डेक्कनच्या टिळक तलावावर किंवा बालेवाडीच्या क्रीडासंकुलात पैसे भरून पोहतात आणि बिनपुलाच्या इमारतीत स्वस्तात राहतात. सोसायटीतला पूल मुख्यत्वे बघण्यासाठी असतो. प्रस्तुत मार्गदर्शिका ज्याच्यासाठी सिद्ध केली आहे तो आमचा मेहुणा सर्व अटींत बसतो: गाव लातूर, नोकरी हिंजवडीत, भाड्याची ऐपत २५ हजार, पोहण्याचा अनुभव शून्य. "दाजी, बाकी काय बी नसलं तरी चालंल, पण पूल पाहिजे."

नियम दुसरा. शोध वाकडपासून सुरू करावा आणि भाडे ऐकत ऐकत पुनावळ्याकडे सरकावे.

नियम तिसरा. एजंट पहिला प्रश्न "फॅमिली की बॅचलर?" असा विचारतो. बॅचलर म्हटले की रिकामे फ्लॅट जागच्या जागी भरतात. अशा वेळी सोबत एक पोक्त दाजी असावा. त्याने काही बोलायचे नाही, फक्त भिंतीवर टिचकी मारून "हं" म्हणायचे.

नियम चौथा, आणि हा नीट वाचावा. फ्लॅटच्या आधी पूल बघावा. एजंट मॉड्युलर किचनकडे ओढत नेईल, जाऊ नये. खोल बाजूच्या काठावर उभे राहून तळाची जाळी स्पष्ट दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर पाणी कितीही निळे असो, त्यात पाय बुडवू नये. ती निळाई बहुधा फरशीची असते. मग पंपाचा आवाज ऐकावा. फिल्टर बंद असेल तर तो पूल नव्हे, डासांची वसाहत. मग वास घ्यावा. नाकात झोंबणाऱ्या वासाला लोक स्वच्छतेची खूण समजतात. वास्तविक तो क्लोरिनचा घाम-लघवीशी संयोग झाल्याचा वास असतो. निगा राखलेल्या पुलाला फारसा वास येत नाही. हे सांगितल्यावर एका एजंटाने आमच्याकडे असे पाहिले की जणू लघवी आम्हीच केली होती.

शेवटी वॉचमनला गाठावे. एजंटाला जे माहीत नसते ते त्याला तोंडपाठ असते. "साहेब, पाणी आहे, पण उतरायचं नाही. बिल्डरनं सोसायटीला हँडओव्हर दिलेला नाही अजून."

पाण्याचा हिशेब कागदावर करावा. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरच्या आत-बाहेर खोल म्हटले तरी साधारण ६० हजार लिटर होतात, म्हणजे दहा हजारी टँकर सहा. ज्या सोसायटीत एप्रिलमध्ये प्यायचे पाणी टँकरने येते, तिथला पूल एप्रिलमध्येच कोरडा असणार, म्हणजे नेमका जेव्हा हवा तेव्हा. हे मेहुण्याला गणित मांडून दाखवले. तो म्हणाला, "दाजी, आमच्याकडं पाणी रेल्वेनं आलं होतं." २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली तेव्हा हा तिथेच होता. नळाला पाणी कधी येणार यावर अख्ख्या घराचा दिवस ठरत असे. अशा माणसाला, नुसते पडून राहिलेले, कुणी घागरीत भरून नेत नाही असे पाणी खिडकीतून रोज दिसावे असे वाटत असेल, तर त्यावर गणित घालणारे आम्ही कोण? पण फिल्टर चालू पाहिजे म्हणजे पाहिजे.

नियम पाचवा. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी हवीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधल्या कलम ५५ नुसार ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरावे, असेही त्यात आहे. हे वाक्य मालकासमोर सौम्य आवाजात उच्चारावे. भाडेकरूंना पूल बंद करणाऱ्या किंवा जादा पैसे मागणाऱ्या समित्या असतात, म्हणून "पूल, जिम, क्लबहाउस यांच्या वापरासह" हे शब्द करारात घालून घ्यावेत. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच लावता येते, आणि ते कोण भरणार हेही तिथेच लिहावे. नंतर मालक दुबईला असतो.

नियम सहावा. सोमवारी पूल बंद.

नियम सातवा. नायलॉनचा पोशाख आणि टोपी सक्तीची. बर्म्युडा घालून काठावर बसणाऱ्यांवर शिट्टी वाजते. मेहुण्यावर वाजेल.

नियम आठवा. पाहुण्यांना पुलात उतरण्यासाठी माणशी वेगळे पैसे असतात. आमच्या इमारतीत पाण्याचा साठा म्हणाल तर गच्चीवरच्या दोन काळ्या टाक्या, आणि आम्हाला लहानपणापासून चांगले पोहता येते. तेव्हा बहिणीचा नवरा कुटुंबात मोडतो की पाहुण्यांत, याचा लेखी खुलासा मेहुण्याने टोकन देण्यापूर्वी सेक्रेटरींकडून घ्यावा. टोपी आमची आम्ही आणू.