सिएनाच्या नऊ कारभाऱ्यांस अनावृत पत्र

प्रति,
नऊ कारभारी महाशय,
सिएना नगरराज्य (कारकीर्द 1287 ते 1355),
सरकारवाडा, पियाझ्झा देल काम्पो.

विषय : परक्यांना आनंद देण्याच्या कलमाबाबत तक्रार.

स. न. वि. वि.

आपली सत्ता जाऊन पावणेसातशे वर्षे होत आली, हे ठाऊक आहे. पण सिएनात आजही जे डोळ्यांत भरते त्यातले बरेचसे आपल्याच अमदानीतले, तेव्हा दाद मागायची ती आपल्याकडेच. 1309-10 मध्ये आपण नगराचा कायदेग्रंथ लॅटिनमधून लोकांच्या बोलीत उतरवून घेतलात, तोही ठळक, मोठ्या अक्षरात, गोरगरिबाला वाचता यावा म्हणून. (आमच्याकडे विम्याचे कागद छापणाऱ्यांनी ही कल्पना अजून मनावर घेतलेली नाही.) त्याच ग्रंथात आपण म्हटले आहे, की कारभाऱ्यांनी नगराच्या सौंदर्याची काळजी वाहावी, त्याने परक्यांना आनंद होतो. ते परके आम्ही. पुण्याहून मुलाबाळांसह, बॅगेत भाकरवडी घेऊन आलो. आनंद झाला, नाही म्हणत नाही. पण ज्यांना व्हायला हवा होता त्यांना झाला नाही, आणि ज्यांना झाला त्यांना भलत्याच गोष्टींचा झाला.

मुलांची तयारी आम्ही घरूनच करून घेतली होती. गॉथिक कमान कशी ओळखावी, मेदिची कोण, भित्तिचित्र ओल्या गिलाव्यावर का काढतात, सगळे घोकून झाले होते. थोरल्याला वही दिली होती. प्रत्येक गावाचे एक पान लिहायचे. सिएनाच्या पानावर त्याने एवढेच लिहिले आहे : ‘चौकाला उतार आहे.’

आता हा उतार. चौक सपाट असावा ही माणसाची साधी अपेक्षा. आपण तो शिंपल्यासारखा खोलगट केलात, विटांच्या फरसबंदीत पांढऱ्या दगडाच्या पट्ट्या ओढून नऊ पाकळ्या पाडल्यात, म्हणजे स्वतःची संख्या जमिनीवर कोरून घेतलीत. (आमच्याकडे नाव बसथांब्यावर लिहितात.) आम्ही वाड्याच्या खिडक्या दाखवत होतो. चौकाकडे तोंड असलेल्या घरांना मधे खांब असलेल्या खिडक्याच हव्यात आणि सज्जे बाहेर काढायचे नाहीत, हा आपला 1297 चा नियम. गॅलरी आत घेतल्याशिवाय ज्यांना फ्लॅट स्वतःचा वाटत नाही, त्या आम्हाला तो ऐकून घाम फुटला. मुलांना नाही. धाकटीने वरच्या टोकाला बाटलीतले पाणी ओतले आणि ते कुठवर जाते हे पाहत त्यामागून चालू लागली. मग बाटली पुन्हा भरून आणली. मग एक इटालियन मुलगा आपली बाटली घेऊन आला. 1349 मध्ये फरसबंदी पुरी करताना आपण सगळ्या चौकाचे पाणी वाड्यासमोरच्या एकाच मोरीकडे वळवलेत, हा शोध त्यांना असा लागला. आमच्याकडे पावसाचे पाणी कुठे जावे हे पाणीच ठरवते, त्यामुळे कौतुक समजू शकतो. पण युरोपातल्या एका नामांकित इमारतीकडे पाठ करून आमची पुढची पिढी मोरीभोवती उकिडवी बसली होती, याची जबाबदारी कोण घेणार?

आम्ही गेलो मे महिन्यात, त्यामुळे चौकात पालिओ शर्यतीचे घोडे नव्हते. शर्यत 2 जुलैला आणि 16 ऑगस्टला. तेव्हा चौकाच्या कडेने माती अंथरतात आणि सतरा पेठांपैकी दहा पेठांचे घोडे खोगिराशिवाय तीन फेऱ्या मारतात. स्वार पडला आणि घोडा एकटाच पहिला आला तरी तो जिंकतो. हे ऐकल्यावर थोरल्याने विचारले, मग स्वार कशाला बसवतात? हिने सांगितले, पडायला. पेठेचा अभिमान आम्हाला नवा नाही, पण आपल्या पेठांना प्राणी आहेत : साळिंदर, घुबड, सुरवंट, गेंडा नाही पण जिराफ. पेठांचे रुमाल विकणाऱ्या दुकानात थोरल्याने गोगलगाय घेतली, घोड्यांच्या शर्यतीत गोगलगाय उतरते याचे त्याला अपार समाधान. धाकटीने कासव घेतले. आणि त्या दुकानातल्या आजीबाईंनी दोघांचे रुमाल बांधता बांधता हळूच सांगितले, की गोगलगाय आणि कासव ही पिढ्यान्‌पिढ्यांची वैरी. तेथून पुढे लुक्का येईपर्यंत ती दोघे एका बाकावर बसली नाहीत. या पेठांच्या सीमा 1729 च्या फर्मानाने पक्क्या झाल्या, आपला त्यात दोष नाही, हे मान्य. फर्मान काढणाऱ्या व्हायोलांते बाईसाहेबांना वेगळे पत्र पाठवत आहोत.

वाड्यातली आपली बैठकीची खोली हा आमच्या सहलीचा कळस व्हायचा होता. अम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने 1338-39 मध्ये तिथे सुराज्य आणि कुराज्य रंगवले. आम्ही न्यायदेवतेपाशी उभे राहून नागरिकशास्त्र सुरू केले. मुले केव्हाच कुराज्याच्या भिंतीशी होती, कारण तिथे शिंगे आणि सुळे असलेला जुलमी राजा आहे, त्याच्या पायाशी बोकड आहे आणि न्यायदेवता बांधून टाकलेली आहे. सुराज्यात त्यांना आवडले ते डुक्कर : काळे, पुढून पांढरा पट्टा, मालकाबरोबर निमूट वेशीकडे निघालेले. शेतांवर तरंगणाऱ्या, हातात फास आणि त्याला लटकलेला माणूस धरलेल्या बाईकडे बोट करून धाकटीने विचारले, ही चांगल्यांच्यात कशी? ती सुरक्षितता आहे, असे सांगितले. तिने पुन्हा तेच विचारले. आम्ही पोस्टकार्डे घ्यायला गेलो.

मग एक गोष्ट लक्षात आली. आपली नेमणूक दोनच महिन्यांची, पण तेवढा काळ बायकामुलांपासून दूर, त्याच वाड्यात कोंडून राहायचे. बाहेर पडायचे ते सणावारी. ही अट होती की सवलत, ते लिहून ठेवलेले नाही. पण भिंतीवरचे सुराज्य एवढे निवांत का, हे उमगले. तिथे नाचणारे आहेत, चांभार आहे, वर्ग घेणारा शिक्षक आहे, परांचीवर चढलेले गवंडी आहेत. ‘अजून किती चालायचं?’ असे विचारणारे कोणी नाही.

वाड्याच्या मनोऱ्याच्या सुमारे चारशे पायऱ्यांबद्दल बोलत नाही, गुडघे बोलतात. जेवणाबद्दल थोडेच. संध्याकाळी सहाला भूक लागलेल्या मुलांना साडेसातपर्यंत रस्त्यात धरून ठेवणे हे कोणत्या राज्यपद्धतीत बसते? पुढे आलेली पिची नावाची शेवई मात्र, जाड, हाताने वळलेली, लसूण-टोमॅटोची, मुलांनी आवाज करत ओढली आणि शेजारच्या टेबलावरचे गृहस्थही तसेच ओढत असल्याने आम्हाला रागावता आले नाही.

राहता राहिले आपले चर्च. फ्लॉरेन्सवर मात करायची म्हणून 1339 मध्ये ते आणखी मोठे करायला घेतलेत, 1348 ची महामारी आली आणि काम तिथेच थांबले. उंच भिंत उघड्यावर तशीच उभी आहे. ‘बिल्डर पळाला का?’ थोरल्याने विचारले. महामारी म्हटल्यावर त्याने मान डोलावली. लॉकडाऊनमध्ये त्याच्या शाळेचे मैदानही असेच अर्धे राहिले होते.

तरी विनंती अशी, की उतार भरून काढावा, मोरी झाकावी, डुक्कर दिसणार नाही अशी काही व्यवस्था करावी आणि न्यायदेवतेसमोर मुलांना निदान दहा मिनिटे थांबवणारा शिपाई नेमावा. खर्चाचा बोजा आम्ही उचलू शकत नाही, कारण पुढच्या वर्षी जुलैत पुन्हा यायचे घरात ठरले आहे. ते आम्हाला न विचारता ठरले.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक परका

ता. क. : सहीखालचे कासव धाकटीने काढले आहे. त्यावरची काट थोरल्याची.