रॅमसाठी फोन करा

कोटेशन दोन पानी होतं आणि त्यावर सगळ्याला भाव होता. प्रोसेसरला होता, मदरबोर्डला होता, ग्राफिक्स कार्डाला तर इतका होता की शून्यं बोटानं मोजली. काचेचं कॅबिनेट, एसएमपीएस, रंग बदलणारे पंखे, सगळ्यापुढे रुपये आणि सगळ्यावर अठरा टक्के जीएसटी. मधल्या एका ओळीत लिहिलं होतं, ‘रॅम, डीडीआर५, १६ जीबीच्या दोन’. तिच्यापुढे आकडा नव्हता. ‘फोन करा’ असं होतं.

फोन केला. दुकानदारानं विचारलं, “किती वाजता घेणार?”

कधी घेणार नव्हे, किती वाजता. सकाळचा भाव निराळा, दुपारी माल आला तर निराळा आणि संध्याकाळी ‘साहेब, मगाशीच का नाही घेतलीत’ हा तिसरा. भाव पक्का करायचा तर पैसे आधी टाका. पैसे टाकले तरी माल हातात पडेपर्यंत पक्कं काहीच नाही, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. या दुनियेत प्रामाणिकपणा एवढाच उरला आहे, तेव्हा त्याची नोंद केलेली बरी.

हा खटाटोप भाच्यासाठी. बारावी सुटल्यावर गेमिंग पीसी, असं त्याला घरी कबूल केलेलं. बारावी सुटली, पीसी अडकला. ‘मामा, आत्ता असेंबल करू की थांबू?’ असं तो रोज विचारतो, आणि मी रोज नवा चेहरा करून विचारात पडल्यासारखं दाखवतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात ही ३२ जीबीची जोडी नऊ-दहा हजारांच्या घरात मिळत होती. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच ती दुपटीला गेली आणि वर्ष सरता सरता तिपटीच्या पुढे. वस्तू तीच, खोकं तेच, खोक्यावरचा ड्रॅगनसुद्धा तोच.

भाव विचारायला फोन करावा लागतो अशी वस्तू आपल्याकडे आजवर एकच होती आणि ती सराफाच्या पेढीवर मिळायची. मग आता अर्धवट नको, सगळंच रीतसर करून टाकू. पेपरात सोन्या-चांदीच्या भावाच्या चौकटीत तिसरी ओळ घाला : डीडीआर५, दर आठ जीबीला. साडेतीन मुहूर्तांना दुकानं पहाटे उघडा. पाडव्याला नि दसऱ्याला ज्याला झेपेल त्यानं ३२ घ्यावी, अक्षय्य तृतीयेला १६, आणि बलिप्रतिपदेच्या अर्ध्या मुहूर्ताला नुसतं दुकानात जाऊन हात लावून यावं. गुरुपुष्यामृताला शकुनाची म्हणून आठ जीबी. भिशी लागली की बायकांनी आधी एक स्टिक करून टाकावी, अडीनडीला उपयोगी पडते. लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांनी ‘आम्हाला काही नको, तुम्ही तुमच्या मुलीला जे घालाल ते’ म्हणावं, आणि लग्न लागल्यावर आत्याबाईंनी कॅबिनेटची काच बाजूला सारून, चष्मा वर करून आत पाहावं आणि जावेच्या कानात सांगावं, ‘डीडीआर४ आहे हो.’ अर्थात जावेनं लगेच नाक मुरडू नये. जुनी डीडीआर४ बनवणं कारखान्यांनी आवरतं घेतलं, त्यामुळे तीही महागली. आजीच्या पाटल्यांना उतारवयात भाव यावा तसं झालंय. घडणावळ निराळी आकारावी. रॅमला जो अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि दिव्यांची पट्टी चिकटवलेली असते, ती घडणावळ. पट्टी इंद्रधनुष्य दाखवणारी असेल तर जास्त, आणि मोडीला नेलीत की त्या इंद्रधनुष्याचा एक पैसा परत नाही. हॉलमार्कही हवा, कारण पत्रा उचकटल्याशिवाय आत काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही आणि पत्रा उचकटला की वॉरंटी जाते. हे सगळं मी बहिणीला विनोद म्हणून सांगत होतो. ती हसली नाही. भाच्याकडे वळून म्हणाली, “त्यापेक्षा दोन ग्रॅमचं वळं घे. निदान मोडता येईल.” हिशेब केला. वर्षअखेरीला दोन-अडीच ग्रॅम सोनं आणि ३२ जीबी रॅम खरोखरच एका भावाला आले होते. विनोद करायलाही आता भाव बघूनच करावा लागतो.

आता सल्लागार. तो प्रत्येक सोसायटीत एक असतोच, आमचा बी विंगमध्ये आहे. त्याच्या स्वतःच्या घरी बिजागरी तुटलेला लॅपटॉप आहे, तो पुस्तकाला टेकवून उभा करतात. पण दुसऱ्याच्या पीसीचा विषय निघाला की त्याच्या तोंडून ‘बॉटलनेक’ हा शब्द असा येतो, जसा निष्णात डॉक्टर ‘बायपास’ म्हणतो. हे कार्ड त्या प्रोसेसरला लावलंस तर बॉटलनेक. तो प्रोसेसर घेतलास तर फ्युचर प्रूफ नाही. एसएमपीएस साडेसहाशे वॅटचा? अरे, पुढच्या पिढीचं कार्ड आलं की काय करशील? पुढची पिढी म्हणजे कार्डांची; घरातली पुढची पिढी समोर तोंड पाडून उभी असते. तासभर बोलून झालं की निकाल ठरलेला : थांब.

हा माणूस किती वर्षं थांबवतोय बघा. २०११ मध्ये थायलंडात पूर आला, तिथले कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. तेव्हा तो म्हणाला, पाणी ओसरू दे. २०१७ च्या अखेरीला लोक ग्राफिक्स कार्डांवर घरबसल्या क्रिप्टोची नाणी पाडू लागले आणि बाजारातून कार्डं दिसेनाशी झाली. म्हणाला, हे खूळ ओसरू दे. २०२०-२१ मध्ये टाळेबंदी, चिपांची टंचाई आणि तेच नाणी पाडणारे, असे तिघे हातात हात घालून आले. कार्ड छापील किमतीच्या दुपटीला गेलं. मध्येच कुणी हार्ड डिस्कवर पिकणारं नाणंही काढलं, म्हणजे पूर न येताच त्याही महागल्या. थांबच म्हणाला, आणि त्या वेळी बरोबर म्हणाला, हे कबूल केलं पाहिजे. मग सप्टेंबर २०२२ मध्ये त्यातल्या एका मोठ्या नाण्यानं कार्डं जाळण्याची ती पद्धतच सोडून दिली. वापरलेल्या कार्डांचे ढीग लागले, लॅमिंग्टन रोडपासून तपकीर गल्लीपर्यंत. आता तरी? छे! ही कार्डं रात्रंदिवस राबलेली असतात, हात लावू नकोस, नव्यांचे भाव उतरतील, थांब.

आणि मग २०२३ आलं. त्या साली मेमरी इतकी पडली की बनवणारे तोट्यात गेले आणि त्यांनी उत्पादन कमी केलं. रॅम शेंगदाण्याच्या भावानं होती. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहायची असते ते हेच असतं, आलं होतं, दारात उभं होतं, चपला काढत होतं. त्या दिवशी हा गृहस्थ बी विंगच्या जिन्यात मला म्हणाला, “आणखी पडेल.” उत्पादन कमी केलं म्हणजे भाव चढणार, एवढं कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला कळतं, दलालाला तर कळतंच कळतं, पण ज्याला हजार रुपयांच्या पंख्याची हवा किती घनफूट येते हे तोंडपाठ आहे, त्याला कळत नाही. मला त्याचा राग येतो तो इथं. भाव कुणालाच सांगता येत नाहीत. पण भाव सांगता येत नाहीत हे ज्याला सांगता येत नाही, त्यानं दुसऱ्याच्या पोराचं बारावीनंतरचं वर्ष गहाण ठेवू नये.

बरं, थांबायला कारणं तो बाहेरूनही आणतो. २०२५ च्या ऑगस्टात जीएसटी उतरणार अशी घोषणा झाली. लगेच बी विंगमधून हुकूम : कर कमी होऊ दे. २२ सप्टेंबरला नवे दर लागू झाले. ३२ इंचांहून मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर आले. कॉम्प्युटरचे भाग १८ टक्क्यांवर होते, ते १८ वरच राहिले. मात्र त्याच सुमाराला रॅमनं पहिली उडी घेतली. जो कर कमी होणारच नव्हता त्याच्यासाठी आम्ही महिनाभर थांबलो आणि भाव चढायच्या वेळेला नेमके हजर झालो.

आणि ज्या एका गेमसाठी सगळी पोरं श्वास रोखून आहेत, तो गेम तरी कुठे येतोय? २०२५ म्हणाले होते, मग मे २०२६ झालं, मग नोव्हेंबर २०२६. शिवाय जाहीर झालाय तो कन्सोलवर. पीसीचं नावसुद्धा घेतलेलं नाही. म्हणजे पीसीवर न येणाऱ्या गेमसाठी पीसी घ्यायचं थांबलेले लोक आहेत. त्यांना काही विचारू नका.

पण रॅम गेली कुठे? पूर आला नाही, आग लागली नाही, कुणी नाणी पाडत नाही. तर ती डेटा सेंटरांनी नेली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कार्डांना एकावर एक थर रचलेली खास मेमरी लागते आणि ती तेवढ्याच क्षमतेला साध्या रॅमच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खाते. जगातली बहुतेक मेमरी मोजक्या कारखान्यांतून येते. त्यांना तिकडे पैसा जास्त दिसला, त्यांनी तोंड तिकडे वळवलं. नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. व्यवहार म्हणून मला हे समजतं. समजत नाही ते पुढचं. या अफाट बुद्धीकडून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज काय येतं? शुभ सकाळ. आधीही यायचं, पण आधी गुलाबाचं फूल असायचं. त्याला कुणाची रॅम लागत नव्हती. आता एकदा सगळी सोसायटी जपानी कार्टून झाली. मग सगळे जण टेबलावरची प्लास्टिकची बाहुली झाले, शेजारी स्वतःच्याच नावाचं खोकं. मग साठी उलटलेल्या बायकांपासून शाळकरी पोरींपर्यंत सगळ्या तशाच शिफॉनच्या साडीत, तशाच संध्याकाळी, तशाच वाऱ्यात उभ्या. चेअरमनसाहेब हिमालयात ध्यानाला बसले, गुडघ्यामुळे ज्यांना जमिनीवर बसता येत नाही ते. परवा पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची नोटीस आली, ‘प्रिय रहिवासीहो, आजच्या धकाधकीच्या जीवनात पाण्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे’ अशी सुरू झालेली, चार परिच्छेदांची, आणि टाकी कोणत्या दिवशी रिकामी करणार ते तिच्यात कुठेच नव्हतं. ही माझ्या भाच्याची रॅम आहे! त्या हिमालयात, त्या वाऱ्यात, त्या ‘अनन्यसाधारण’मध्ये माझ्या भाच्याची ३२ जीबी रॅम खर्ची पडली आहे आणि चेअरमनसाहेब मला विचारतात, ‘फोटो कसा वाटला?’

ऐरोली-महापेच्या बाजूनं गेलात तर या डेटा सेंटरांच्या खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात. माणसांसाठी नसल्यामुळे खिडक्या नाहीत. आत थंडगार हवा, दोन-दोन वाटांनी आणलेली वीज, वर जनरेटर. तिथली वीज जात नाही. आमच्या पेठेत दर गुरुवारी जाते. देखभाल-दुरुस्तीसाठी जाते असं म्हणतात. इतकी वर्षं दर गुरुवारी ज्याची देखभाल झाली ते रोहित्र आजवर सोन्याचं व्हायला हवं होतं. ते बुधवारी रात्री एकदा ठणठणतं आणि गुरुवारी सकाळी आठला गप्प होतं. परत येते ती पाचला येते असं नाही, पाचच्या ‘सुमारास’ येते. येताना आधी झटका देते, मग जाते, मग पुन्हा येते. त्या झटक्यात आमचा एक फ्रिज, दोन मिक्सर आणि शेजारच्या वहिनींचा नवाकोरा टीव्ही गेला. तक्रार केली की एक गोड आवाज सांगतो, तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. हा गोड आवाजही आता माणसाचा नसतो. त्यालाही रॅम लागते.

भाच्याला मात्र उत्तर द्यावंच लागलं. ते सगळ्यांसाठी इथं देतो, बी विंगमध्ये दाखवू नका. एकच स्टिक घे. सोळाची. दिव्यांची पट्टी नको. यावर ‘सिंगल चॅनल!’ म्हणून जो ओरडेल त्याला ओरडू दे. एका स्टिकवर मेमरीची वाट निम्मी होते हे खरं, काही गेमांत एफपीएस पडतात हेही खरं. पण निम्म्या वाटेवरून गेम चालतो. शून्य स्टिकवर मदरबोर्ड फक्त बीप करतो, बोर्डला स्पीकर लावला असेल तर. दुसरी स्टिक पुढे कधी स्वस्त झाली तर घेऊ. पहिलीशी तिचं जमेलच असं नाही, वेग थोडा उतरवून एकत्र नांदवावं लागेल. ग्राफिक्स कार्डही आत्ता मधलंच घे, मॉनिटर १०८०पीचा आहे, त्याला डोंगर हलवायचे नाहीत.

त्यानं सगळं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “मामा, मग वाचलेल्या पैशांचं काय करू?”

यूपीएस घे म्हटलं, चांगला हजार व्हीएचा. आणि सेव्ह करत जा, गुरुवारी दर दहा मिनिटांनी.