मा. यांचे सेवेशी

राज्यघटनेच्या अठराव्या कलमानं या देशातले किताब बंद केले. रावसाहेब गेले, रावबहादूर गेले, दिवाणबहादूर गेले. २६ जानेवारी १९५० पासून सगळे नुसते नागरिक. ही बातमी पाथर्डीच्या फ्लेक्सवाल्याला अजून कुणी सांगितलेली नाही. त्याच्याकडं कार्यसम्राट आहेत, विकासपुरुष आहेत, गोरगरिबांचे कैवारी आहेत आणि युवा हृदयसम्राट तर डझनाच्या भावात. वाढदिवस कुणाचाही असो, नावाआधी 'मा.' आणि नावानंतर साहेब, दादा, भाऊ, अण्णा यांपैकी काहीतरी लागतंच. खुद्द नाव मधेच कुठंतरी चेंगरलेलं असतं.

तरी तक्रार अशी, की मराठी माणूस आदबीनं बोलायचं विसरला. पूर्वी कशी 'राजमान्य राजश्री'नं पत्रं सुरू व्हायची, वडिलांना 'तीर्थरूप' लिहायचे, 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' झाल्याशिवाय मजकुराला हात घालत नसत. आता पोरं बापाला 'अरे पप्पा' म्हणतात! ही तक्रार करणारे गृहस्थ बहुधा निवृत्त असतात, पण दारावरच्या पाटीवर त्यांचा हुद्दा अजून नोकरीला असतो.

आदर कमी झाला, हे मला अजिबात पटत नाही. गावात इतका आदर पूर्वी कधी पिकला नव्हता. गडबड आहे ती वाटपात. रेशनच्या दुकानात होतं तसं झालंय: वजनदार माणसाच्या घरी पोतं पोचतं, आणि रांगेतल्याला 'माल आला नाही' सांगतात.

कुठल्याही तहसील कचेरीतला अर्ज काढून बघा. 'मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी, अर्जदार सविनय अर्ज सादर करतो ऐसा जे की...' हे 'ऐसा जे' जुन्या दफ्तरातून निघालं ते थेट सातबाराच्या दुरुस्तीत येऊन उतरलं. मामला दोन ओळींचा: उताऱ्यावर बापाचं नाव चुकलंय. त्याच्याभोवती आदबीच्या सहा ओळी आणि तळाला 'आपला नम्र'. सत्तरीचा म्हातारा हे सगळं टाइप करून, तिकीट चिकटवून खिडकीशी धरतो, आणि आतून पंचविशीतला आवाज येतो, 'बाबा, तुला सांगितलं ना सोमवारी ये म्हणून!' 'बाबा' आणि 'तुला' एका वाक्यात बसवायची कला सरकारी खिडकीनंच शोधून काढली असावी.

कोर्टात तर अजून 'मेहेरबान' नांदतात. दाव्याच्या डोक्यावर 'मे.' असतो तो त्यांचाच. 'लॉर्डशिप' वगैरे गोऱ्या साहेबाचे अवशेष आता नकोत, असं बार कौन्सिलनं २००६ मध्येच सांगून झालं; खालच्या कोर्टात साधं 'सर' किंवा आपल्या भाषेतला तसला शब्द चालेल म्हणाले. पण आपली पद्धत पक्की. न्याय हा हक्क आहे, फक्त तो मेहेरबानांकडं मागायचा.

गंमत अशी, की वरच्यांनी हे ओझं कधीच उतरवायला घेतलंय. २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी 'महामहिम' नको, 'राष्ट्रपती महोदय' पुरे, असं कळवलं. आपल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींचं नाव २०२४ मध्ये जिल्ह्याला लागलं तेही अहिल्यानगर एवढंच. 'पुण्यश्लोक' आणि 'देवी' भाषणांपुरते राहिले. (एसटीचा कंडक्टर त्यातलंही निम्मं गाळून 'नगर, नगर' असाच ओरडतो, ते सोडा.) राष्ट्रपतींचं भागतं, राज्य केलेल्या बाईंचं भागतं, आमच्या उपसरपंचांचं मात्र 'मा.' लागल्याशिवाय भागत नाही. बरं, तो 'मा.' माननीयचा की माजीचा, हे विचारायचीही सोय नाही.

सरकारलाही अधूनमधून आदबीची उबळ येते. २ ऑक्टोबर २०२२ पासून सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावं, असा शासननिर्णय निघाला. ठीक आहे. 'वंदे मातरम्, साहेब मीटिंगला गेलेत.' हॅलो गेला, पण साहेब काही जागेवर आले नाहीत.

'आपण'चा उरलासुरला साठा कर्जवाल्या कंपन्यांच्या पोरींनी उचललाय. 'नमस्कार, आपण अमुक अमुक सर बोलताय का? आपल्याला पर्सनल लोन मंजूर झालंय.' तीन हप्ते थकले की त्याच कंपनीचा दुसरा आवाज: 'ए, कुठं लपून बसलास?' शाळेतले गुरुजी 'सर' झाले आणि बाईंच्या 'मॅडम' झाल्या, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. गुरुजी आता वर्तमानपत्राच्या मथळ्यात भेटतात, तेही शिक्षक बँकेच्या सभेत खुर्च्या हलल्या तर.

आदबीचं खरं संग्रहालय मात्र आपल्याकडची लग्नपत्रिका. चि., चि. सौ. कां., श्री., सौ., ॲड., इंजि., प्रा., मा. आमदार, मा. सभापती, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ह.भ.प. हा भगवानगडाच्या छायेतला मुलूख, भगवानबाबांनी नारळी सप्ताहाची गोडी लावलेला. कीर्तन ऐकणारी गावं आहेत ही. पण पत्रिका वाचली की वाटतं, ऐकणारा कुणी उरलाच नाही, सगळेच परायण झाले. काकडआरतीला सहा टाळकरी जमत नाहीत, ह.भ.प. मात्र निमंत्रकांत चाळीस.

याच पत्रिकेत एका नावाशी आल्यावर छापखानावालासुद्धा थबकतो. नवऱ्या मुलाची विधवा आई. 'सौ.' लावता येत नाही. 'श्रीमती' लिहायचं, की 'गं. भा.'? गंगाभागीरथी! एका बाईला अख्ख्या नदीइतकं पवित्र ठरवायचं, आणि पोटच्या पोराला हळद लागताना तिला ताटापासून चार हात लांब बसवायचं. बहुतेक घरं यावर सोपा तोडगा काढतात: आईचं नावच गाळतात आणि चुलता-चुलती पुढं करतात.

ही पदवी जुन्या पत्रिकांबरोबर विरत चालली होती. तर एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकासमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी 'गं. भा.' वापरण्याबाबत प्रस्ताव तयार करून चर्चा करावी, असं आपल्या खात्याच्या सचिवांना लिहिलं. अपंगांना जसं 'दिव्यांग' केलं, तसंच हे. टीकेची राळ उडाली, मग निर्णय अजून झालेला नाही असा खुलासा आला आणि नदी परत तिच्या पात्रात गेली. त्याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला होता: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. त्या बाईला काय म्हणायचं, याचा ठराव हेरवाडनं केलाच नाही. तिचं काय काढून घ्यायचं नाही, एवढंच ठरवलं.

आता त्या जुन्या सोनेरी आदबीविषयी. पाटलाच्या सात वर्षांच्या पोरानं गावकुसाबाहेरच्या सत्तर वर्षांच्या माणसाला 'ए धोंड्या' म्हणावं, आणि त्यानं कमरेत वाकून 'जोहार, मायबाप' म्हणावं, ही त्याच सुसंस्कृत मराठीची रीत होती. 'राजमान्य राजश्री' लिहिणारा बोरू आणि 'धोंड्या' ओरडणारं तोंड एकाच वाड्यातलं. तो काळ परत आणा म्हणणाऱ्यांनी आपल्या आजोबांना कुणी काय म्हणायचं ते आठवून बघावं, आणि शेजारच्या वस्तीतल्या आजोबांना आपले आजोबा काय म्हणायचे तेही. 'जोहार'ला उलट 'जोहार' कधी मिळाला नाही. १९३०च्या दशकात कामठीच्या बाबू हरदासांनी 'जय भीम' रूढ केलं. त्याचं उत्तर 'जय भीम'च येतं, समोर कलेक्टर असो की सफाई कामगार.

मला हीच कसोटी बरी वाटते. नाथपंथी 'आदेश' म्हणतो, समोरचाही 'आदेश' म्हणतो. वारीत एकानं 'माऊली' म्हणून पायाला हात लावला, की दुसरा तितकाच वाकतो. तिथं वय कुणी विचारत नाही आणि हुद्दाही नाही. पारावर 'राम राम'ला 'राम राम, पाव्हणं' येतं. 'साहेब'चं तसं नाही. 'साहेब' म्हटलं की परत 'साहेब' येत नाही, 'हं, बोला' येतं.

देवाशी बोलताना आपल्याला हे बरोबर जमतं. मोहटादेवीला आपण 'तू' म्हणतो, विठोबाला 'अरे' म्हणतो. नवस बोलायला कुणी 'मा. देवी, यांचे सेवेशी' असा अर्ज खरडत नाही, आणि तिथली कामं कचेरीपेक्षा लवकर होतात, असं लोक सांगतात.

आमच्या पाथर्डी तालुक्यात मान कसा द्यावा हे बघायचं असेल, तर होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला जा. कानिफनाथांच्या यात्रेला लोक गाढवांच्या बाजारासाठी ओळखतात, वर्तमानपत्रंही गाढवांचाच फोटो छापतात. पण तिथली होळी मानाची असते ती गोपाळ समाजाची. गडाच्या बांधकामाला या लोकांनी कष्ट केले, म्हणून हा मान, असं सांगतात. कळसाला टेकणारी काठी मानाची असते ती कैकाडी समाजाची. वर्षभर गावोगाव ज्यांना 'ए, पालं हलवा इथून' ऐकावं लागतं, त्यांच्यासाठी तिथं आमदार-खासदारांनी थांबायचं. त्यांच्या नावाला ना मा., ना श्री. पहिला हात त्यांचा, बस्स. अर्थात या मानावरूनही कधी कधी वाद होतात आणि पोलीस बोलवावे लागतात. मान खरा असला की त्यावर भांडणं होणारच. 'कार्यसम्राट' या पदवीवरून कुणाचं डोकं फुटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि याच तालुक्यातून दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरून निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, ऊस तोडायला. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. 'औंदा किती कोयते भरले?' असं मुकादमाला विचारतात, उचल कोयत्यावर ठरते, हिशोबही कोयत्यावर. मुकादमाला फडात 'मुकादम', स्लिपबॉयला 'साहेब', शेतकी अधिकाऱ्याला 'मोठे साहेब', चेअरमनला तर नुसतं 'साहेब' म्हटलं तरी कमीच. पहाटे थंडीत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढणाऱ्या बाईला आदरार्थी बहुवचन राहू द्या, माणसाचं एकवचनसुद्धा अजून मिळालेलं नाही.

नाही म्हणायला पाच वर्षांतून एकदा मिळतं. २०२४च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला आलं आणि गाळप हंगामाची तारीख ठरली होती १५ नोव्हेंबर. अशा वेळी कोयत्यांना अचानक नावं फुटतात, नाती फुटतात. फडावर गाड्या पाठवल्या जातात. 'मावशी, आपण पुढं बसा, मागं धक्के लागतील.' वाटेत चहा, वर वडापाव. केंद्रावर 'मावशींना आधी सोडा हो, लांबून आल्यात.' बोटाला शाई लागल्यावर मावशी परतीच्या गाडीचं विचारायला जातात, तर तोच कार्यकर्ता फोनवर हात ठेवून म्हणतो, 'ए, थांब की जरा. साहेब बोलतायत.'